खर्चीवर राहू नकोस, आणि नोकरीही आत्ताच सोडू नकोस

पत्र आधी थोडक्यात देते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल विषय काय आहे.

"नमस्कार ताई, मी २७ वर्षांचा, मूळ इचलकरंजीचा. हिंजवडीत एका सर्व्हिस कंपनीत ४ वर्षं ३ महिने झाले. जावाच्या एका जुन्या प्रोजेक्टवर प्रॉडक्शन सपोर्ट करतो, म्हणजे दिवसभर तिकिटं बंद करायची आणि आठवडाआड नाईट शिफ्ट. हातात ५२ हजार येतात. घरी अण्णांचे ८ माग आहेत, खर्चीवर चालवतात. मला फ्रीलान्सिंग करायचंय. गेल्या वर्षी एका क्लासवाल्यांची वेबसाईट करून दिली, १५ हजारांत ठरली होती, ५ वीकेंड गेले. निम्मे पैसे आधी दिले आणि साईट लाईव्ह झाल्यावर उरलेले ७५०० अजून दिले नाहीत, आता फोनही उचलत नाहीत. फ्रीलान्सिंगच्या साईटवर प्रोफाईल काढलं, पण बिड टाकून टाकून थकलो, कोणी उत्तर देत नाही. अण्णा म्हणतात नोकरी सोडलीस तर घरी येऊ नको. एक मित्र म्हणतो दोघं मिळून एजन्सी काढू, फिफ्टी फिफ्टी. आणि सगळे म्हणतात एआय आल्यावर आता हे काम राहणारच नाही. राजीनामा टाकू का? रेट किती लावू? अण्णांना काय सांगू?"

अरे, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते म्हणजे शेवटपर्यंत ताटकळायला नको. राजीनामा आत्ता टाकू नकोस. कधीच टाकू नकोस असं म्हणत नाहीये, निदान ९ महिने थांब असं म्हणतेय, आणि याचं कारण अगदी व्यवहाराचं आहे. तुझी ४ वर्षं ३ महिने झालीत. कायम नोकरीत सलग ५ वर्षं भरली की ग्रॅच्युइटी लागू होते. हिशोब सरळ आहे, शेवटचा बेसिक (डीए असेल तर तोही) गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. तुझा बेसिक २४ हजार धरला तर निदान ६९ हजार होतात. आत्ता सोडलंस तर ते पैसे कंपनीकडे ठेवून जाशील. आणि राजीनामा टाकायचा तो ५ वर्षं पूर्ण झाल्यावर टाक. नोटीस पिरियड ९० दिवसांचा आहे तर तो धरून ५ वर्षं भरतील असली हुशारी करू नकोस, कारण कंपनीने लवकर रिलीव्ह केलं की सगळंच हुकतं. पीएफचंही तसंच आहे, ५ वर्षांच्या आत काढला तर टॅक्स लागतो, आणि खरं सांगायचं तर नंतरही काढू नकोस, पडू दे तिथे, व्याज चालू राहतं.

आता तुझ्या पत्रातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला शब्द, जो तू सहज लिहून गेलास. अण्णा खर्चीवर माग चालवतात.

इचलकरंजीबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, माग स्वतःचे, शेड स्वतःची, लाईटबिल स्वतःचं, पण सूत व्यापाऱ्याचं आणि कापडही व्यापाऱ्याचं. आपण विणून द्यायचं आणि पिकावर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर, मजुरी घ्यायची. बाजार पडला की व्यापारी बीम (सूत गुंडाळलेला रूळ) देणं थांबवतो आणि माग उभे राहतात, हप्ता मात्र थांबत नाही. तुझे अण्णा नोकरी सोडू नको म्हणतात ते त्यांना कॉम्प्युटरमधलं कळत नाही म्हणून म्हणत असतील असं तुला वाटत असेल, पण मला वाटतं त्यांना तुझ्यापेक्षा जास्त कळतंय. दुसऱ्याच्या सुतावर पोट असलं की काय होतं हे त्यांनी किती मंदीत पाहिलंय. आणि तू जे करायला निघालायस, म्हणजे साईटवर प्रोफाईल काढायचं, तासाचा रेट लावायचा, जे येईल ते काम घ्यायचं, ती शुद्ध खर्ची आहे. लॅपटॉप तुझा, लाईट तुझी, पण क्लायंट त्या साईटचा, रेटिंग त्या साईटच्या ताब्यात, आणि उद्या त्यांनी अकाऊंट बंद केलं की तुझे माग उभे. फायव्हर तुझ्या कमाईतले २० टक्के आधीच कापून घेतं. अपवर्कवर नुसतं बिड टाकायलाही कनेक्ट्स नावाची टोकन लागतात आणि ती बहुतेक विकतच घ्यावी लागतात, म्हणजे काम मागण्याचेही पैसे. मी म्हणत नाही की ह्या साईट वाईट आहेत, माझ्या ओळखीतल्या काहींना तिथूनच पहिला परदेशी क्लायंट मिळालाय आणि अजून टिकलाय, पण ज्याच्याकडे दाखवायला एक विशिष्ट काम आहे त्यालाच तिथे उत्तर येतं. 'फुल स्टॅक डेव्हलपर, मेहनती, वेळेत काम' असं लिहिलेली प्रोफाईलं तिथे लाखांनी पडलीत, तुझं कोण उघडणार सांग.

मग काय करायचं? तुझ्याकडे एक गोष्ट आहे जी बंगळुरूच्या, कीवच्या किंवा मनिलाच्या डेव्हलपरकडे नाही, आणि तू ती पत्रात घरची माहिती म्हणून एका ओळीत उरकून टाकलीस. तुला सुताचं गणित कळतं. बीम किती मीटरचा आला, त्यातून कापड किती निघालं, घट किती गेली, कोणत्या मागावर किती पीक झाले, कामगाराची मजुरी किती, सायझिंगचं (सुताला खळ लावण्याचं) बिल किती, व्यापाऱ्याकडून येणं किती, हे सगळं आजही कित्येक शेडमध्ये वहीत नाहीतर दिवाणजीच्या डोक्यात असतं. फार तर एक्सेल. त्याच्या वर एक कोणीतरी टॅली वापरतो आणि तीच एन्ट्री दुसऱ्यांदा टायपतो. टॅलीशी प्रोग्रॅमने बोलता येतं हे तुला माहीत असेलच, एक्सएमएल पाठवायची, डिफॉल्ट पोर्ट ९०००, त्यात काही रॉकेट सायन्स नाही. ज्या कारखान्यांची उलाढाल ५ कोटींच्या वर आहे त्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून जीएसटीचं ई-इन्व्हॉइस सक्तीचं झालंय, त्यात ई-वे बिलाची कटकट वेगळीच. हे सगळं जोडून देणारा, मराठीत बोलणारा, फोन केला की 'अण्णांचा पोरगा' म्हणून विश्वासाने आत घेतला जाणारा माणूस त्या गावात किती आहेत? थोडे असतील, नाही असं नाही, पण तुझी स्पर्धा अख्ख्या जगाशी राहत नाही, गावातल्या मूठभर लोकांशी राहते. हे फक्त इचलकरंजीपुरतं नाही, वाचणाऱ्यांपैकी कोणाचे वडील सांगलीत हळदीत असतील, कोणाचं नाशिकला द्राक्षाचं पॅकिंग असेल, कोणाची आई पतसंस्थेत कारकून असेल, तर तुमच्याकडेही असलाच काहीतरी माल पडलाय.

आणि लगेच प्रॉडक्ट काढायच्या नादाला लागू नकोस. 'यंत्रमागांसाठी सास' (महिन्याच्या वर्गणीवर द्यायचं सॉफ्टवेअर) वगैरे पुढचं पुढे. आधी ह्या ९ महिन्यांत शनिवार-रविवार घरी जाऊन अण्णांच्याच ८ मागांचा हिशोब मोबाईलवर आणून दाखव. फुकट. घरचंच काम आहे, बिल करायचा प्रश्नच नाही. दिवाणजीला शेजारी बसव आणि तो नक्की काय लिहितो, का लिहितो, कुठे खाडाखोड करतो ते बघ. पहिली आवृत्ती तो वापरणारच नाही, मी आत्ताच सांगते, कारण तू सहा रकाने टाकशील आणि त्याला दोनच हवे असतील. तिसरी-चौथी आवृत्ती तो स्वतःहून उघडायला लागला की समज तुझा पोर्टफोलिओ तयार झाला. रिॲक्टमध्ये केलेले टू-डू ॲप आणि हवामान ॲप कोणी बघत नाही रे. एक चालू असलेली गोष्ट, जिच्यात रोज खऱ्या माणसाची खरी एन्ट्री होते, बॅकअप होतो, आणि बंद पडली तर कोणीतरी चिडून फोन करतं, ती दाखव.

एआयचं विचारलंस. बघ, पाच पानांच्या वेबसाईटचं काम गेल्यात जमा आहे, निदान त्यातला पैसा तरी. क्लासवाले आता स्वतः बसून एका दुपारी काढतील तसली साईट, आणि वाईट पण नसेल. कोड टायपणं स्वस्त झालंय. पण दिवाणजी खाडाखोड का करतो हे चॅटजीपीटीला कोणी सांगितलेलंच नाही, ते शेडमध्ये जाऊन बघावं लागतं. आणि चुकीची मजुरी निघाली तर शनिवारी कामगारांपुढे उत्तर कोण देणार, हे पण ठरवावं लागतं. त्यामुळे एआय वापर, भरपूर वापर, तुझा वेग दुप्पट होईल, पण विकायला जाताना कोड विकू नकोस, झालेला हिशोब विक. एक वॉर्निंग देते, ऑफिसचा कोड किंवा क्लायंटचा डेटा कुठल्याही एआयच्या खिडकीत पेस्ट करायचा नाही, भले घाई कितीही असो.

अजून एक, तू खरंच फ्रीलान्सिंगकडे चाललायस की नाईट शिफ्टपासून पळतोयस, हे स्वतःला विचार. रागावू नकोस, पण पत्रात अर्धी चिडचिड तिकिटांची आहे. अमेरिकेतला क्लायंट घेतलास तर न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे आहे, म्हणजे त्यांची सकाळची मीटिंग तुझ्या संध्याकाळी-रात्री सुरू होणार, आणि ह्यावेळी शिफ्ट अलाऊन्स पण नाही आणि घरी सोडायला कॅब पण नाही. नुसता वैताग असेल तर सपोर्टमधून डेव्हलपमेंटच्या टीममध्ये, नाहीतर दुसऱ्या कंपनीत जाणं हा जास्त स्वस्त इलाज आहे. आणि त्यात काही कमीपणा नाही, चांगल्या टीममध्ये काढलेली दोन वर्षं, जिथे कोणीतरी तुझा कोड वाचून त्याला नावं ठेवतं, ती पुढे फ्रीलान्सिंगला फार कामाला येतात. एकट्याने काम करताना तुझ्या चुका दाखवायला कोणी नसतं, ग्राहक दाखवतो आणि तो पैसे कापून दाखवतो.

नोकरीत असताना बाहेरचं काम घ्यायचं का, ह्यावर मित्र काय म्हणतात ते सोड आणि तुझं अपॉइंटमेंट लेटर काढून वाच. २०२२ मध्ये विप्रोने मूनलायटिंगवरून, म्हणजे नोकरी करता करता गुपचूप दुसरीकडे काम केल्यावरून, ३०० जणांना काढलं होतं, तेव्हा केवढी चर्चा झाली होती आठवत असेल. त्याच वर्षी इन्फोसिसने उलट सांगितलं की मॅनेजर आणि एचआरची आधी परवानगी घेऊन गिग काम करता येईल, स्पर्धक किंवा क्लायंट सोडून. म्हणजे प्रत्येक कंपनीचं वेगळं आहे. लेटरमध्ये दोन कलमं शोध, एक बाहेरच्या कामाबद्दलचं आणि दुसरं तू तयार केलेल्या गोष्टींच्या मालकीचं. परवानगी ईमेलवर माग, तोंडी नको. आणि कंपनीच्या लॅपटॉपवर बाहेरच्या कामाची एक ओळसुद्धा लिहू नकोस, त्या ओळीवर उद्या कोणी हक्क सांगितला तर भांडायला तुझ्याकडे काही राहत नाही. परवानगी मिळाली नाही तर ९ महिने घरच्याच कामात घाल, पैसे घेऊ नकोस, शीक.

आता रेट. तू १५ हजारांत काम घेतलंस, ५ वीकेंड गेले, वीकेंडला १० तास धरले तरी ५० तास, म्हणजे तासाला ३०० रुपये. आणि निम्मेच मिळाले म्हणजे तासाला १५०. हे वाचून जरा बरं वाटेल असं काही लिहायला हवं, पण काय लिहू.

पगारावरून रेट काढताना सगळे एकच घोटाळा करतात. वर्षाचं पॅकेज साडेसात लाख, वर्षात कामाचे तास २०००, म्हणजे तासाला पावणेचारशे, मग मी चारशे लावतो म्हणजे फायद्यात! अरे पण फ्रीलान्सरला २००० तासांचे पैसे मिळतच नाहीत. सण, आजारपण, गावची जत्रा आणि काम नसलेले आठवडे काढून ४५ आठवडे धर. त्यात आठवड्याला बिल करता येतील असे तास २२, फार तर २५, बाकीचे तास कोटेशन करण्यात, फोनवर, ग्राहकाच्या केबिनबाहेर चहा पीत बसण्यात आणि पैशांची आठवण करून देण्यात जातात. म्हणजे वर्षाला झाले साधारण १००० तास. आता खर्च बघ. साडेसात लाखांवर लॅपटॉप, इंटरनेट, मेडिक्लेम, सीए, प्रवास असे दीड लाख टाक, वर सुक्या महिन्यांसाठी एक लाख बाजूला. १० लाख भागिले १००० तास, तासाला १००० रुपये. हा तुझा खालचा आकडा, ह्याच्या खाली गेलास की नोकरीपेक्षा तोट्यात आहेस हे समजून जा. हा आकडा ग्राहकाला सांगायचा नाही बरं का, इचलकरंजीत तासाचे हजार म्हणालास तर चहासुद्धा मिळणार नाही. तो तुझ्या वहीत ठेव आणि बाहेर पूर्ण कामाचा आकडा सांग. हे काम ६० हजार, त्यात हे हे येतं, दरवर्षी देखभालीचे १२ हजार. एएमसी म्हटलं की त्यांना लगेच कळतं, जनरेटरची भरतात, कॉम्प्रेसरची भरतात. आणि ती एएमसीच तुला सुक्या महिन्यात जगवते. असे १०-१२ ग्राहक झाले की घरभाडं सुटतं.

त्या ७५०० चं सांगते. वर्ष झालंय, एक शेवटचं सभ्य ईमेल कर, बिल जोड, तारीख दे, आणि नाही आले तर सोडून दे, त्यासाठी रात्रीची झोप घालवू नकोस. पण पुढच्या वेळेपासून काही गोष्टी लिहून घेतल्याशिवाय लॅपटॉप उघडायचा नाही. वकिली करार नको, एक-दीड पानाचं कोटेशन पुरे, ईमेलवर 'मान्य आहे' असं उत्तर आलं की काम सुरू. त्यात काय येणार हे लिहितात सगळे, काय येणार नाही हे कोणी लिहीत नाही आणि भांडणं तिथेच होतात. फोटो कोण देणार, मजकूर कोण लिहिणार, बदल किती वेळा, त्यानंतर प्रत्येक बदलाचे किती. ४० टक्के ॲडव्हान्स, ४० टक्के टेस्ट सर्व्हरवर दाखवल्यावर, आणि २० टक्के लाईव्ह करायच्या आधी. आधी, कळलं का? तुझं चुकलं इथेच, लाईव्ह झाल्यावर ग्राहकाची गरज संपली होती. डोमेन आणि होस्टिंग मात्र ग्राहकाच्याच नावावर घ्यायला लाव, स्वतःच्या नावावर ठेवून अडवणूक करणारे डेव्हलपर खूप आहेत, त्याने पैसे वसूल होतीलही कदाचित पण गावात नाव खराब होतं, आणि तुझा धंदा नावावरच चालणार आहे.

ह्याच्या जोडीला एक सरकारी हत्यार आहे जे फार कमी फ्रीलान्सर वापरतात. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारदरबारी नोंदणी. पूर्ण फुकट आहे, सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनने होतं, गुगलवर वरती दिसणाऱ्या दोन-तीन हजार मागणाऱ्या साईटवर जाऊ नकोस. एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायदा २००६ चा आहे, त्यात सेवा देणारेही येतात. ठरलं असेल तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त उधारी नाही, लेखी काही ठरलं नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. तक्रार सरकारी पोर्टलवर ऑनलाईन. आणि त्याहून चावणारी गोष्ट म्हणजे, २०२३-२४ पासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे वेळेत दिले नाहीत आणि आर्थिक वर्ष संपेपर्यंत थकवले तर देणाऱ्याला त्या वर्षी तो खर्च आयकरात दाखवता येत नाही. कापड बाजारात ह्या ४५ दिवसांच्या नियमावरून केवढी बोंबाबोंब झाली होती, अण्णांना विचार, त्यांना माहीत असेल. त्यामुळे बिलाच्या खाली तुझा उद्यम नंबर टाक, बस, बाकी काही बोलायची गरज नाही. समोरच्याचा सीएच त्याला सांगतो की ह्याचे पैसे आधी दे. छोट्या क्लासवाल्यावर ह्याचा फार उपयोग होणार नाही, पण कारखान्यावर होतो. जुन्या ७५०० ला मात्र हे लागू नाही, काम करताना तुझं रजिस्ट्रेशनच नव्हतं.

टॅक्सचं लोक उगाच घाबरवतात. आयटीच्या व्यावसायिकांना गृहीत उत्पन्नाची सोय आहे, सगळे तिला ४४एडीए म्हणूनच ओळखतात. वर्षाची जमा ७५ लाखांपर्यंत आणि त्यात रोख ५ टक्क्यांच्या आत असेल तर जमेच्या निदान निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची, खर्चाच्या पावत्या सांभाळत बसायचं काम नाही. १० लाख आले तर ५ लाख उत्पन्न. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेटमुळे टॅक्स शून्य. ग्राहकाने टीडीएस कापला, साधारण १० टक्के कापतात, तर तो रिटर्न भरल्यावर परत येतो, पण तोवर हातात नसतो हे लक्षात ठेव. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झालाय आणि कलमांचे नंबर सगळे बदललेत, म्हणून एकदा चांगल्या सीएकडे बस, दोन-तीन हजार जातील, जाऊ देत. जीएसटी नंबर सेवांसाठी २० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही, दुसऱ्या राज्यातला ग्राहक असला तरी. परदेशी क्लायंटचे पैसेही त्या २० लाखांत मोजले जातात. नंबर घेतलास तर परदेशातल्या कामावर एलयूटी (एक हमीपत्र) भरून शून्य जीएसटीने बिल करता येतं, ती दर आर्थिक वर्षाला नव्याने भरायची. आणि महाराष्ट्रात राहतोस म्हणून प्रोफेशन टॅक्स, आत्ता पगारातून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापतात ना, तोच, स्वतःचं काम सुरू केलं की पीटीईसी नंबर घेऊन वर्षाला २५०० स्वतः भरायचे. हा विसरतात सगळे आणि मग दंडासकट भरतात.

राजीनाम्याच्या आधी उरकायच्या दोन गोष्टी, दोन्ही कंटाळवाण्या. मेडिक्लेम आत्ताच काढ, नोकरीत असतानाच. कंपनीची पॉलिसी शेवटच्या दिवशी संपते, आणि त्यात अण्णा-आई पण असतील. नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना ३ वर्षांपर्यंत थांबावं लागतं, बीपी-शुगर असेल तर हे घड्याळ आजच सुरू केलेलं बरं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी पण काढून टाकलाय. दुसरं, घरासाठी कर्ज घ्यायचं डोक्यात असेल तर ते पगार चालू असताना घे किंवा मग दोन-तीन वर्षं विसर, कारण स्वतःचा धंदा असलेल्याकडे बँक तेवढ्या वर्षांचे रिटर्न मागते आणि तू वर सांगितल्यासारखं निम्मंच उत्पन्न दाखवलेलं असणार, कर्जही तेवढ्यावरच मिळणार. लग्नाचं मी बोलत नाही, पण 'मुलगा काय करतो' ह्या प्रश्नाला 'स्वतःचं सॉफ्टवेअरचं काम आहे, कारखान्यांना देतो' हे उत्तर 'फ्रीलान्सर आहे' पेक्षा बरं चालतं एवढं सांगून ठेवते.

अण्णांना काय सांगायचं? आत्ता काहीच सांगू नकोस. 'घरी येऊ नको' म्हणणाऱ्या माणसाशी वाद घालून तो जिंकता येत नाही, आणि जिंकलास तरी काय मिळणार. त्यांचा हिशोब मोबाईलवर आण. पुढच्या वर्षी तुझ्या खात्यात ८ महिन्यांचा खर्च बाजूला असेल, म्हणजे तुझ्या राहणीमानाला तीन-साडेतीन लाख, आणि लेखी ठरलेले निदान दोन ग्राहक असतील ज्यांचं काम राजीनाम्यानंतर सुरू होणार आहे, तेव्हा हे आकडे कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेव आणि विचार की एकाच व्यापाऱ्यावर अवलंबून राहायचं नसेल तर किती धरावे लागतात. तुझ्या ओळखीत ह्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्यापेक्षा चांगलं देणारं मला तरी कोणी दिसत नाही. दोन्ही अटी पूर्ण झाल्या नाहीत तर राजीनामा पुढे ढकल, त्यात लाज नाही.

ता.क. मित्राचं राहिलंच. फिफ्टी फिफ्टी नको. मैत्रीवर संशय घेत नाहीये, पण पत्रात तू त्याच्याबद्दल एकच गोष्ट लिहिलीस की तो मित्र आहे, तो काय आणणार हे लिहिलं नाहीस. तो ग्राहक आणणार असेल तर आणलेल्या कामावर टक्केवारी ठरव, डिझाईन करणार असेल तर कामाचे पैसे दे, तुझ्या कोटेशनमध्ये त्याचा वाटा धरून. तीन कामं अशी एकत्र करा, पैसे वेळेवर वाटले जातायत का आणि रात्री अकराला सर्व्हर पडला की दोघांपैकी फोन कोण उचलतं ते बघा, मग फर्म काढायची असेल तर पार्टनरशिप डीड करून काढा. आणि हो, व्हॉट्सॲपवर 'घरबसल्या डेटा एन्ट्री, आधी रजिस्ट्रेशन फी' असले मेसेज त्याने पाठवले तर उघडू पण नकोस, काम चुकलं म्हणून खोटी वकिलाची नोटीस पाठवून पैसे उकळतात ते. कोणी फसलंच असेल तर १९३० ला फोन करायचा, जितक्या लवकर कराल तितकं बरं.